बेटांची वकील

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रत्यक्ष काय घडलं यापेक्षा कागदावर काय लिहिलंय, याला तिथे जास्त वजन असतं. सातबाऱ्यावरची एक नोंद चुकली, खरेदीखतातली एक ओळ राहून गेली की पुढच्या तीन पिढ्या तारखा मोजत बसतात. देशादेशांमधल्या व्यवहारांचंही असंच असतं. पृथ्वी तापते आहे. कुणी किती धूर सोडला, कुणी किती कमी करायचा, बुडालेल्याला भरपाई कुणी द्यायची, याचाही एक सातबारा गेली पस्तीस वर्षं लिहिला जातो आहे. तो लिहिला जाताना गरिबाचा हिस्सा खोडला जाऊ नये म्हणून ज्या थोड्या माणसांनी आयुष्य वेचलं, त्यांतल्या एका बाईंची ओळख आज करून द्यायची आहे. त्यांचं नाव फरहाना यामीन.

त्यांचा जन्म पाकिस्तानातला, १९६५चा. लहानपणीच त्या कुटुंबाबरोबर इंग्लंडला आल्या. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकल्या, पुढे वकील झाल्या. लंडनमध्ये वकिलीची सनद घेतलेल्या हुशार तरुणीसमोर पैशाच्या वाटा पुष्कळ असतात. यामीन वळल्या त्या एका छोट्या संस्थेकडे. फिलिप सँड्स आणि जेम्स कॅमेरून या दोन तरुण कायदेतज्ज्ञांनी १९८९ मध्ये ती सुरू केली होती. पुढे ‘फील्ड’ या नावाने ती ओळखली गेली. काम काय? तर ज्या देशांना आंतरराष्ट्रीय कायद्याचे वकील परवडत नाहीत, त्यांची बाजू मांडायची. अशिलांमध्ये मुख्य होती समुद्रातली छोटी छोटी बेटं.

ही बेटं त्या वेळी जागी झाली होती, आणि त्यालाही कारण घडलं होतं. १९८७ मध्ये प्रचंड लाटा मालदीवच्या राजधानीत घुसल्या. त्या देशाची बहुतेक जमीन समुद्रापासून माणसाच्या उंचीइतकीही वर नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मालदीवचे अध्यक्ष मामून अब्दुल गय्यूम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि समुद्र चढला तर आमचा देशच उरणार नाही, हे त्यांनी जगाला सांगितलं. १९८९ मध्ये अशा देशांची परिषद मालेत भरली. १९९० मध्ये जिनिव्हात जागतिक हवामान परिषद झाली, तिथे या छोट्या देशांनी आपली आघाडी बांधली. पॅसिफिकमधल्या वानुआतूचे संयुक्त राष्ट्रांमधले प्रतिनिधी रॉबर्ट व्हॅन लिरॉप तिचे पहिले अध्यक्ष झाले.

फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ शँटिली या गावी हवामानाच्या कराराची बोलणी सुरू झाली. या बोलण्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एका सभागृहात पैशावर चर्चा, दुसऱ्यात तंत्रज्ञानावर, तिसऱ्यात कराराच्या व्याख्यांवर, आणि सगळं एकाच वेळी. मोठ्या देशांचे ताफे येतात, प्रत्येक खोलीत त्यांचा माणूस बसतो. छोट्या बेटाचे मात्र एक किंवा दोनच प्रतिनिधी. ते एका खोलीत असतील तेव्हा दुसऱ्या खोलीत त्यांच्या देशाचं भवितव्य लिहून झालेलं असतं. ‘फील्ड’चे वकील या रिकाम्या खुर्च्या भरून काढत. रात्री मसुदा वाचायचा, कुठल्या शब्दाने आपली बाजू पडते ते हेरायचं, पर्यायी वाक्य लिहायचं आणि सकाळी बेटाच्या प्रतिनिधीच्या हातात द्यायचं. यामीन या कामात पडल्या आणि तीसएक वर्षं त्यातच राहिल्या.

या मसुद्यांची एक रीत मोठी मजेशीर आहे. ज्या शब्दावर एकमत नसेल, तो चौकोनी कंसात टाकतात. कधीकधी पानभर कंसच कंस असतात. मग दिवसरात्र वाद घालून एकेक कंस सोडवायचा. कविता लिहिणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. आम्हीही एका शब्दासाठी रात्र जागवतो. फरक एवढाच, की आमचा शब्द चुकला तर एक कविता पडते. तिथे शब्द चुकला तर एखादं गाव पाण्यात जातं.

आता वाद नेमका कशाचा होता? आपल्याकडे सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते. चार भावांची एक विहीर, प्रत्येकाची पाळी ठरलेली. समजा, थोरल्याने पन्नास वर्षं पंप लावून दिवसरात्र पाणी उपसलं, बागाईत केलं, माडी बांधली. धाकट्याचा मोटेचा बैल आत्ता कुठे विहिरीवर आला, आणि नेमकं तेव्हाच तळ दिसू लागला. थोरला म्हणतो, “विहीर सगळ्यांची आहे, तेव्हा उद्यापासून सगळ्यांनी सारखंच पाणी कमी करायचं.” हे खरं आहे का? विहीर सगळ्यांची, हे खरंच. पण सारखं कमी करायचं, यात न्याय कुठे आला?

हवेचं असंच आहे. दगडी कोळसा, तेल, वायू जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला मोठा हिस्सा शतकानुशतकं तिथेच राहतो. म्हणून यंदा कोण किती धूर सोडतो एवढंच पाहून भागत नाही, आजवरचा एकूण उपसा पाहावा लागतो. औद्योगिक युगापासून आजवर इंधनातून निघालेल्या अशा वायूत एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चौथाई आहे. भारताचा तीन ते चार टक्क्यांच्या घरात, आणि माणसं मात्र जगातली सहात एक. आजही अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला २ टन.

हा हिशेब जगासमोर ठणकावून मांडला तो दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी. अमेरिकेतल्या एका संस्थेने १९९० मध्ये अहवाल काढून भारत, चीन, ब्राझील यांना जगातल्या पहिल्या पाच प्रदूषकांत बसवलं होतं. या दोघांनी १९९१ मध्ये एक पुस्तिका लिहून त्या आकडेमोडीतला पक्षपात दाखवला. जगण्यासाठी सोडलेला धूर आणि चैनीसाठी सोडलेला धूर एका तराजूत घालता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं. आमची अम्मी पहाटे चुलीवर भाकरी थापायची आणि आम्ही भावंडं रॉकेलच्या चिमणीखाली अभ्यास करायचो. चुलीचा तो धूर आणि मोटारीतून नुसतं फिरायला निघालेल्या माणसाचा धूर यांत फरक आहे, हे सांगायला खरं तर पुस्तिका लागू नये. पण कायद्याच्या जगात जे लिहिलेलं नसतं, ते नसतंच.

शेवटी ते लिहिलं गेलं. १९९२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला करार मंजूर झाला आणि जूनमध्ये रिओच्या परिषदेत देशांनी त्यावर सह्या केल्या. त्याच्या तिसऱ्या कलमात शब्द आहेत, ‘सामाईक पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्या’. विहीर सामाईक, पाळ्या वेगवेगळ्या. विकसित देशांनी पुढाकार घ्यावा, हेही त्यात आलं. भारताच्या वतीने ही बोलणी करणारे चंद्रशेखर दासगुप्ता माणशी समान वाट्याचं तत्त्व आग्रहाने मांडत राहिले होते. ते जसंच्या तसं करारात आलं नाही. पण या कलमामुळे न्यायाला निदान उभं राहायला जागा मिळाली.

रिओच्या करारात तत्त्व होतं, आकडा नव्हता. कुणी किती टक्के धूर कमी करायचा, याचं बंधन नव्हतं. बेटांनी गप्प बसायचं ठरवलं नाही. १९९४ मध्ये त्यांच्या आघाडीने नव्या कराराचा मसुदाच पुढे केला. श्रीमंत देशांनी १९९० च्या मानाने २००५ पर्यंत २० टक्के कपात करावी, अशी त्यात मागणी होती. जगातल्या सगळ्यात लहान देशांनी सगळ्यात मोठ्या देशांना मसुदा लिहून द्यावा, हे आक्रीतच होतं. पुढच्या वर्षी बर्लिनला परिषद भरली. जर्मनीच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल अध्यक्ष होत्या. भारताच्या पुढाकाराने बरेच विकसनशील देश बेटांच्या बाजूला आले आणि बंधनकारक आकडे ठरवायचा निर्णय झाला. त्यातूनच डिसेंबर १९९७ चा क्योटो करार जन्मला. औद्योगिक देशांनी मिळून २००८ ते २०१२ या काळात सरासरी ५.२ टक्के कपात करायची, असं ठरलं. कुठे वीस आणि कुठे पाच! २००१ मध्ये अमेरिकेने त्यातूनही अंग काढून घेतलं. करार अंमलात यायला फेब्रुवारी २००५ उजाडलं.

या सगळ्या काळात यामीन कधी बेटांच्या सल्लागार, कधी संशोधक, कधी लेखक होत्या. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाच्या अहवालांच्या लेखनात त्यांनी भाग घेतला. जोआना डेप्लेज यांच्याबरोबर त्यांनी या सगळ्या कायदेव्यवस्थेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो २००४ मध्ये निघाला. कुठला नियम कुठून आला, कुठल्या शब्दामागे कुठलं भांडण आहे, हे त्यात उलगडून दाखवलं आहे. अशा पुस्तकांवर टाळ्या पडत नाहीत. पण नव्याने बोलणीला आलेल्या गरीब देशाच्या अधिकाऱ्याला ते हाताशी लागतं.

आपल्याला वाटेल, हे सारं परक्या मुलखातलं. पण करारातल्या बारीक अक्षरांची किंमत महाराष्ट्राने स्वतः मोजली आहे. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. पुण्याच्या ‘प्रयास’ या गटातल्या गिरीश संत यांच्यासारख्या तरुण अभ्यासकांनी त्यातल्या कलमांचा आणि आकड्यांचा हिशेब मांडला. वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचे पैसे मोजावेच लागतील, अशी त्यात तरतूद होती. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये पुन्हा झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि मे २००१ मध्ये ती महाग वीज परवडेना म्हणून मंडळाने घेणं थांबवलं. डिसेंबरात एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत निघाली. विजेचा दर हा तारा आणि खांबांइतकाच कागदावरच्या वाक्यांनी ठरतो, हे आपण त्यातून शिकलो. यामीन जे काम जगाच्या दरबारात करत होत्या, त्याच जातीचं काम हे तरुण पुण्यात बसून करत होते.

पुढे कोपनहेगन आलं. २००९ च्या त्या परिषदेत देशांनी तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवायची भाषा केली. बेटं म्हणत होती, दीड अंश. अर्ध्या अंशाने काय होतं? प्रवाळ आणि सखल जमिनीवर उभ्या देशांसाठी तो अर्धा अंश म्हणजे असणं आणि नसणं. परिषद फिसकटली. यामीन काही काळ युरोपीय संघाच्या हवामान आयुक्त कोनी हेडेगार्ड यांच्या सल्लागार होत्या. २०१३ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये काही मुत्सद्दी, वकील, अर्थक्षेत्रातली माणसं आणि कार्यकर्ते यांना एकत्र बसवलं. विचार असा होता, की पुढच्या करारात नुसती टक्केवारी नको, शेवटचं ठिकाण लिहायला हवं. ते ठिकाण म्हणजे निव्वळ शून्य. पुन्हा विहिरीकडे येऊ. या विहिरीला झरा जवळजवळ नाहीच. तेव्हा उपसा निम्म्यावर आणूनही ती आटणारच, फक्त थोडी उशिरा. एक दिवस असा आणावाच लागेल, की जेवढं काढाल तेवढं परत ओताल. शास्त्र हेच सांगत होतं. यामीन यांनी ते कायद्याच्या भाषेत आणायचा ध्यास घेतला.

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला त्या मार्शल बेटांच्या चमूबरोबर होत्या. त्यांचे परराष्ट्रमंत्री टोनी डिब्रम हा विलक्षण माणूस. १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा नऊ वर्षांचे डिब्रम दूरच्या बेटावर आजोबांबरोबर मासे धरत होते. आभाळ पेटलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. या माणसाने श्रीमंत आणि गरीब अशा दोन्हीकडच्या देशांची मोट बांधली. करारात दीड अंशासाठी प्रयत्न करण्याची भाषा आली. शतकाच्या उत्तरार्धात उत्सर्जन आणि शोषण यांचा तोल साधायचा, हे चौथ्या कलमात आलं. यामीन ज्यासाठी झटत होत्या, ते निव्वळ शून्य ते हेच.

पण त्याच रात्रीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. विकसित देशांनी कपातीत पुढे राहिलं ‘पाहिजे’ असा शब्द अंतिम मसुद्यात छापून आला होता. अमेरिकेने हरकत घेतली. छपाईची दुरुस्ती म्हणून तिथे ‘राहावे’ असा मऊ शब्द घालण्यात आला. एका क्रियापदात बंधन गेलं आणि अपेक्षा उरली. नुकसानभरपाईचं आठवं कलम आलं, पण सोबतच्या ठरावात स्पष्ट लिहिलं गेलं, की त्यावरून उत्तरदायित्वाचा किंवा भरपाईचा दावा करता येणार नाही. दिलं उजव्या हाताने, घेतलं डाव्याने.

चार वर्षं गेली, जगाचा धूर काही कमी झाला नाही. एप्रिल २०१९ मध्ये लंडनला शेल या तेल कंपनीच्या कार्यालयाबाहेर एका आंदोलनात पन्नाशीच्या उंबरठ्यापलीकडची एक वकीलबाई जमिनीला हात चिकटवून बसली. पोलिसांनी तिला अटक केली. त्या फरहाना यामीन होत्या. कायदा घडवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनीच कायदा मोडला. का मोडला, हे त्यांनी त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लेख लिहून सांगितलं. ज्यांना हा मार्ग पटला नाही असेही पुष्कळ होते, आणि त्यांच्या शंकेत तथ्य नाही असं कसं म्हणावं? रस्ता अडला तर रोजंदारीवरचा माणूसही अडतो. पण ज्या देशात मिठाचा कायदा मोडला गेला, त्या देशातल्या माणसाला हे कोडं अगदीच परकं नाही. दोन महिन्यांनी, जून २०१९ मध्ये, ब्रिटनच्या संसदेने २०५० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचं बंधन आपल्या कायद्यात घातलं. एका आंदोलनाने ते झालं असं मी म्हणणार नाही. त्यामागे पुष्कळांचे हात होते. पण कधीकाळी मोजक्या माणसांच्या तोंडी असलेला शब्द कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला, एवढं मात्र खरं.

गोष्ट इथे संपली नाही. मार्च २०१९ मध्ये वानुआतूच्या राजधानीत, पोर्ट व्हिलाला, कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला पाहिजे. वानुआतूच्या सरकारने ते मनावर घेतलं. याच वानुआतूने १९९१ मध्ये बुडणाऱ्या देशांसाठी विम्याचा निधी मागितला होता, हे विसरू नका. मार्च २०२३ मध्ये आमसभेने एकमताने न्यायालयाचं मत मागवलं. डिसेंबर २०२४ मध्ये दोन आठवडे सुनावणी चालली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखाने सांगितलं, की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते पाळलं नाही तर तो अपराध ठरू शकतो, आणि परिस्थितीनुसार भरपाईही द्यावी लागू शकते. दगडी कोळसा, तेल, वायू यांच्या उत्पादनाला परवाने आणि अनुदानं देणंही या कक्षेत येऊ शकतं, असंही म्हटलं. हे मत बंधनकारक नाही. पण पॅरिसला जे दार लावून घेतलं होतं, त्याची कडी निघाली. त्या न्यायपीठावर भारताचे दलवीर भंडारी होते. ते पूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

या सुनावणीत भारताने आपला जुना मुद्दा मांडला. ज्यांनी जास्त उपसलं, त्यांनी आधी भरावं. तो मुद्दा न्याय्य आहे, आणि तो मांडायलाच हवा. २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने दगडी कोळसा ‘बंद करणे’ऐवजी ‘कमी करत नेणे’ असा शब्द आग्रहाने घालून घेतला, त्यामागेही हेच होतं. २०७० पर्यंत निव्वळ शून्याचा शब्द आपणही तिथे दिला.

पण मला एक प्रश्न राहून राहून पडतो. जो न्याय आपण हेगमध्ये मागतो, तो आपण घरात देणार का? मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा भारतीय नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. मग चंद्रपूरचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रातल्या मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांपैकी एक तिथे आहे, भोवती कोळशाच्या खाणी. राख आणि उन्हाळा तिथल्या माणसांनी सोसला, वीज मुंबई-पुण्याने वापरली. उद्या कोळसा कमी होईल, तेव्हा त्या खाणीतल्या मजुराचं काय? खाणीच्या तोंडाशी चहाची टपरी टाकलेल्या बाईचं काय? पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे. प्रस्तावनेतला शब्द कलमात आणायला माणसं लागतात. सौरऊर्जेसाठी ज्यांच्या जमिनी भाड्याने घेतल्या जातील, त्यांच्या करारनाम्यात काय लिहिलंय हे त्यांना वाचून दाखवणारं कुणी लागतं.

आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात विधी महाविद्यालयं आहेत. तिथून दरवर्षी शेकडो मुलंमुली काळा कोट घालून बाहेर पडतात. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची जाहीर सुनावणी होते, तिथे कुणीही नागरिक जाऊन बोलू शकतो. खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी गावातच होते. पोर्ट व्हिलाला २७ मुलं पुरली. आपल्या एखाद्या महाविद्यालयातल्या पाचसात मुलांनी पुढच्या सुनावणीची तारीख काढावी, कागदपत्रं मागवावीत आणि ती अथपासून इतिपर्यंत वाचून काढावीत. सुरुवात करायला एवढं पुष्कळ आहे.